हवे तेच ऐकणारे कान

शास्त्रपाठ : यिर्मया २८ व २९:४–१४

आमच्या बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मार्च २०२५ मध्ये एक प्रकार घडला. संभाजी महाराजांवरील ‘छावा’ हा चित्रपट आदल्या महिन्यात प्रदर्शित झाला होता. त्यात बऱ्हाणपूरची लूट दाखविली आहे. त्यातच महामार्गाच्या कामाची माती एका शेतात टाकलेली होती. तिच्यात मोगलांच्या सोन्याच्या मोहरा आहेत अशी अफवा उठली, आणि शेकडो माणसे रात्री टॉर्च व धातुशोधक यंत्रे घेऊन शेत खणू लागली. वास्तविक १६८१ च्या त्या स्वारीत मराठ्यांनी धन लुटून नेले. ती कथा खजिना गेल्याची आहे, उरल्याची नव्हे. परंतु लोकांनी तिच्यातून ‘सोने’ एवढेच उचलले.

त्यांना हसण्यापूर्वी आपण आजचा शास्त्रपाठ पाहू.

१. गोड संदेश. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होते. बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल, याची ती खूण होती. हनन्याने मंदिरात याजकांसमोर व सर्व लोकांसमोर सांगितले की, दोन वर्षांत बंदिवान व मंदिराची पात्रे परत येतील. मग त्याने ते जू मोडून टाकले. लोकांना हेच हवे होते.

२. यिर्मयाचे ‘आमेन’. यिर्मया रागावला नाही. परमेश्वर तसेच करो, असे तो म्हणाला (२८:६). त्यालाही सुटका हवी होती! इच्छा धरणे पाप नव्हे. पण आपल्या इच्छेला त्याने देवाचे वचन म्हटले नाही. हनन्या नेमका तेथेच चुकला. पुढे लाकडी जुवाच्या जागी लोखंडी जू आले, आणि हनन्या त्याच वर्षी मरण पावला.

३. वगळलेले वचन. यिर्मया २९:११ हे वचन आपल्या पुष्कळ घरांत कॅलेंडरवर असते : देवाचे आपल्याविषयीचे विचार हिताचे आहेत. मात्र दहावे वचन भिंतीवर क्वचितच दिसते. त्यात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ बाबेलातच मरणार होते. तोवर घरे बांधा, बागा लावा आणि त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे त्यांना सांगितले होते. दहाव्या वचनाने अकरावे खोटे ठरत नाही. उलट ते आपल्या घाईपेक्षा मोठे ठरते.

प्रियजनहो, आजारी माणसाच्या उशाशी आपण आरोग्याचे एक वचन वाचतो व ‘आता औषध नको’ असे म्हणतो, तेव्हा आपण हनन्याच्या बाजूला उभे असतो. प्रार्थना अवश्य करावी, आमेनही म्हणावे. पण औषध बंद करू नये. तसेच भांडणात क्षमेचे वचन आपण शेजाऱ्याला दाखवितो व कानउघाडणीचेही त्यालाच. ऐकलेली गोष्ट अगदी आपल्या मनासारखी असेल, तर ती दोनदा तपासावी.

शिक्षकांसाठी : मुलांना सुवर्णवचन पाठ करावयास देताना त्याच्या मागची व पुढची दोन दोन वचने वाचून घ्यावीत. ते कोणाला व केव्हा सांगितले होते, हेही विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न
१. यिर्मयाच्या ‘आमेन’मध्ये व हनन्याच्या भाकितात फरक कोणता?
२. आपल्या आवडत्या वचनाच्या आधीचे वचन काय सांगते?
३. कोणते वचन आपण नेहमी दुसऱ्यासाठीच राखून ठेवतो?