मीठ, साखर आणि बुरशी

पावसाळ्यापूर्वीं घरोघर बेगमीची धांदल उडते. कैरीचें लोणचें बरणींत भरलें जातें, मुरांबा पाकांत मुरतो, पापड-कुरडया उन्हांत वाळतात, आणि कोंकणांत व गोव्यांत मासळी खारवून सुकविली जाते. मीठ, साखर व ऊन हे तीन पहारेकरी बसविले कीं जिन्नस वर्षभर टिकतो, हा आपला पिढीजात अनुभव आहे. तथापि श्रावणांत बरणी उघडावी तों मुरांब्यावर हिरवट बुरा आणि डब्यांतील पापडांवर करडे ठिपके! पहारा जागच्या जागीं असतांना हा चोर आंत शिरला कसा, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहोंत.

प्रथम मीठ व साखर करतात काय, तें पाहूं. काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरलें कीं थोड्याच वेळांत त्यांना पाणी सुटतें. मिठांत सांपडलेल्या जंतूची हीच गत होते. त्याच्या देहांतील पाणी बाहेर ओढलें जातें. पदार्थांत पाणी किती आहे ह्यापेक्षां त्यांतील किती मोकळें आहे, ह्याला महत्त्व अधिक. पाक दिसावयास ओला असतो, पण त्यांतील बरेंचसें पाणी साखरेनें जणूं धरून ठेविलेलें असतें. शास्त्रज्ञ पाण्याच्या ह्या मोकळेपणाला एक अंक देतात. शुद्ध पाण्याचा अंक 1 होय. बहुतेक जंतूंना 0.90 च्या वरचा अंक लागतो. साखरेच्या संपृक्त पाकाचा अंक सुमारें 0.85, मिठाच्या संपृक्त द्रावणाचा सुमारें 0.75, आणि मधाचा साधारणपणें 0.60 च्या आसपास असतो.

आतां बुरशीकडे वळूं. ओल्या भाकरीवर किंवा फळांवर दिसणाऱ्या बहुतेक बुरशी 0.80 च्या खालीं वाढत नाहींत. परंतु कांहीं जाती ह्याहून चिवट आहेत. झेरोमायसिस बायस्पोरस ह्या बुरशीचें वर्णन ऑस्ट्रेलियांतील लिलियन फ्रेझर ह्या विदुषींनीं 1953 सालीं केलें; ती ज्येष्ठमधावर सांपडली होती. ही सुमारें 0.61 अंकापर्यंत वाढते. इतकेंच नव्हे, तर पाणी फार झालें तरी तिला तें सोसत नाहीं! वॅलेमिया इक्थिओफागा ह्या दुसऱ्या बुरशीच्या नांवाचा अर्थच 'मासळीखाऊ' असा आहे. शेंकडा सुमारें 10 मीठ असल्यावांचून ती वाढत नाहीं, आणि मिठानें संपृक्त झालेल्या पाण्यांतही ती तग धरते. मिठागराचें दाट पाणी बुरशीचें नैसर्गिक वसतिस्थान असूं शकतें, हें स्लोव्हेनियांतील नीना गुंडे-सिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2000 सालीं दाखवून दिलें. गोव्यांतील मिठागरांतूनही पुढें संशोधकांनीं मीठ सोसणाऱ्या बुरशी मिळविल्या आहेत.

ह्यांच्या चिवटपणाचें मर्म काय? बाहेरचें मीठ वा साखर पाणी ओढूं लागली, कीं ह्या बुरशीच्या पेशी आपल्या आंत ग्लिसरॉल नांवाचा गोडसर पदार्थ तयार करून सांठवितात. रस्सीखेंचींत दोन्ही पक्ष समबळ असले म्हणजे दोर हालत नाहीं. त्याप्रमाणें बाहेरची ओढ व आंतील ओढ सारखी झाली, कीं पाणी पेशींतच राहतें. मीठच आंत सांठविलें असतें तर पेशीचें कार्य बिघडलें असतें. ग्लिसरॉलानें तसें होत नाहीं. मात्र तें बनविण्यांत पेशीची पुष्कळ शक्ति खर्च होते, म्हणून अशी बुरशी फार सावकाश वाढते. आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं ती दृष्टीस पडते, ती ह्याच कारणानें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. उघड्या पदार्थाची ओल कालांतरानें भोंवतालच्या हवेशीं जुळते. हवेचा दमटपणा शेंकडा 80 असेल, तर पापडाचा अंकही हळूहळू 0.80 वर येतो. आणि किनाऱ्यावरील पावसाळी हवा पुष्कळदां ह्याहून दमट असते. म्हणजे वैशाखांत निर्धास्त असलेला पापड आषाढांत निर्धास्त राहत नाहीं. लोणच्यांत ओला चमचा घालूं नये, ह्या आजीबाईंच्या सांगण्याचें शास्त्रही हेंच. चार थेंब पाण्यानें सारी बरणी बदलत नाहीं, पण तेवढ्या जागेपुरता मिठाचा जोर कमी होतो, आणि बुरशीला तेवढेंच पुरतें. मुरांबा गरम असतांना झांकण लाविल्यास वाफ थिजून वरच्या थरावर ठिबकते, तेथेंही हाच प्रकार. लोणच्यावरील तेलाचा थर हवा अडवितो, आणि हवेवांचून बुरशीला वाढतां येत नाहीं.

हा प्रश्न केवळ चवीचा व नुकसानीचा असता, तर आम्ही इतका विस्तार केला नसता. भुईमूग व मका नीट न वाळवितां सांठविल्यास त्यांवर अस्पर्जिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करिते. 1960 सालीं इंग्लंडांत अशी भुइमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. 1974 सालीं गुजरात व राजस्थान ह्यांच्या सीमाभागांत बुरसटलेला मका खाल्ल्यानें 397 लोकांना यकृताचा विकार जडला, व त्यांपैकीं 106 दगावले. गरिबानें पोटासाठीं खाल्लेलें धान्यच त्याच्या जिवावर उठलें.

हें विष नेहमींच्या शिजविण्यानें किंवा भाजण्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं, आणि वरचा बुरा खरवडून काढल्यानें आंतील तंतू जात नाहींत. म्हणून बुरसटलेले, सुरकुतलेले किंवा कडवट शेंगदाणे निःसंकोच टाकून द्यावेत. ते गाईम्हशींनाही घालूं नयेत, कारण विषाचा अंश दुधांत उतरतो. धान्य व शेंगा कडकडीत वाळवून, गार झाल्यावर, घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या, आणि तो डबा ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा.

विद्यार्थिमित्रांनीं ह्या सुटींत आपल्या घरचे बेगमीचे डबे उघडून पाहावेत, आणि काय आढळलें तें वडील माणसांच्या कानांवर घालावें. मीठ, साखर व ऊन हे विश्वासू पहारेकरी आहेत. परंतु ओल आली कीं त्यांना डुलकी लागते. तेवढ्यापुरतें जागें राहणें हें घरांतील माणसांचें काम आहे.