रविवारची गाणी तुझ्याकडे आलीत म्हणे

अगं, रविवारची गाणी आता तू घेणार, असं आई फोनवर म्हणाली. बरं वाटलं. तुझा गळा चांगला आहे, सुराला पक्की आहेस, आणि पास्टरांनी एका मुलीच्या हाती माइक दिला हेही काही कमी नाही. पण तुझी ती गाण्यांची यादी मी पाहिली. सहाच्या सहा यूट्यूबवरची, त्यातली तीन तर अशी की मूळ गाणाऱ्यालाही दोनदा श्वास घ्यावा लागतो. म्हणून जरा बोलते. रागावू नकोस.

आधी समोर कोण बसतं ते नीट बघ. सुरतेच्या गोडादऱ्यातली आपली मंडळी म्हणजे दुकानांच्या वरचा एक हॉल, खाली सतरंज्या, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे बसतात नवापूर-चिंचपाड्याकडच्या मावश्या. घरात त्या मावची बोलतात, चर्चमध्ये मराठी. मागे धुळे-नंदुरबारकडची, अहिराणी बोलणारी कुटुंबं. मधेच व्यारा-सोनगडची काही घरं, त्यांना गुजराती भजनं पाठ. पुरुषांतले निम्मे रात्रपाळी करून लूमच्या खात्यातून तसेच आलेले असतात, डोळे तांबारलेले. बायका आठवडाभर घरी साड्यांची धागा कटिंग करतात, स्टोन लावतात. पोरांतलं कुणी महापालिकेच्या मराठी शाळेत, कुणी गुजरातीत, कुणी इंग्लिश मीडियमला. या सगळ्यांच्या तोंडून एकच गाणं निघायला हवं. तुझं काम एवढंच आहे, आणि ते सोपं नाही.

नवी गाणी वाईट, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. सिडनीच्या हिलसाँग चर्चमधल्या डार्लीन झेकनं 1993 मध्ये लिहिलेलं एक गाणं जगभरच्या मंडळ्यांत पोचलं. नायजेरियाच्या सिनाचनं 2015 मध्ये 'वे मेकर' काढलं, ते आज आपली पोरं हिंदीत म्हणतात. लागोस कुठे, पर्वत पाटिया कुठे! गाणं असं चालत येतं तेव्हा मला कौतुकच वाटतं. आणि 'तीच ती ओळ वीस वेळा काय म्हणता' ही जी काकांची तक्रार असते ना, ती मनावर घेऊ नकोस. प्रत्येक कडव्यानंतर धृपदावर परत येणं, एकच नाव घोळवत राहणं, हे मराठी माणसाला कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही. वारीच्या वाटेवर तेच चालतं. पुन्हा पुन्हा म्हटलं म्हणून गाणं उथळ होत नाही. पुन्हा पुन्हा म्हणावं असं त्या ओळीत काही नसलं, तर होतं. तेवढं आधी तपास.

'उपासना संगीत' या आपल्या जुन्या गीतपुस्तकातलीच गाणी घ्या, असंही तुला सांगतील. घे ना. पण का घ्यायची ते समजून घे, म्हणजे नवी निवडतानाही उपयोगी पडेल. मिशनच्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे इंग्रजी गीतांचे तर्जुमे त्याच विलायती चालींवर म्हणत. शब्द मराठी, पण श्वास मोडायचा तो भलत्याच ठिकाणी. मग अहमदनगरकडे कृष्णरावजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओव्या, भजनं लिहिली, शंभराहून जास्त. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सनी अख्खं 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापून काढलं होतं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. या सगळ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. चाल लोकांच्या गळ्यात आधीच आहे, तिला हात लावायचा नाही, फक्त तिच्यात नवा मजकूर भरायचा. जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवी शिकवावी लागत नाही. म्हणून टिळकांचं गीत आपली मावशी पुस्तक न उघडता म्हणते. तिला वाचता येत नाही हे तुझ्या लक्षातही येत नाही. (आपल्या धरणगावचे बालकवी टिळकांच्याच घरी राहिले होते, माहीत आहे ना? टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाच एकदा. वाचताना हसून हसून पोट दुखेल.)

तर नवं गाणं निवडताना मी एकच बघते. मंगळवारी दुपारी, हातात कात्री आणि मांडीवर साडी असताना, एखादी वहिनी ते आपणहून गुणगुणेल का? तिच्या कानात हेडफोन नाही, समोर स्क्रीन नाही, कुणी वाजवत नाही. गुणगुणली तर गाणं मंडळीचं झालं. नाही तर ते तुझंच राहिलं, कितीही सुंदर म्हटलंस तरी.

आता पट्टीचं. इथे मुलींचं फार चुकतं आणि मुलांचं त्याहून जास्त. रेकॉर्डवरचा गाणारा पट्टीचा गवई असतो, वरच्या सुरात सहज जातो. तू कीबोर्डवाल्या मुलाला सांगतेस, ओरिजिनल स्केललाच वाजव. मग बायका खालून कुजबुजतात, पुरुष गप्प. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण कशाला दिलंय? साधा हिशेब सांगते. पांढरी एकचा सा धरलास, तर खालच्या नीपासून वरच्या रेपर्यंत साधा माणूस न ओरडता जातो, बाया त्यांच्या सप्तकात, पुरुष त्याखालच्या. त्याच्या वर फार तर एखादी झेप. गाणं त्याहून पसरट असेल तर खाली उतरव. तुला ते खाली जड जाईल, तुझा गळा तिथे चमकणार नाही. चालेल. आणि या नव्या गाण्यांत पहिलं कडवं खालच्या सप्तकात म्हणून ब्रिजला एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात ना, तिथे मंडळीची साथ हमखास सुटते. पुढच्या रविवारी मुद्दाम डोळे उघडे ठेवून बघ. उडी मारल्यावर किती ओठ हलत राहतात ते मोज. डोळे मिटून गाणाऱ्या लीडरला हे कधीच कळत नाही. अधूनमधून उघडत जा.

आवाजाचं मात्र मी जरा लांबवणार आहे. तुमचा तो नवा स्पीकर. हॉल केवढा, स्पीकर केवढा! पत्र्याखाली आवाज घुमतो तो वेगळाच. लूमच्या खात्यात नव्वद-शंभर डेसिबलचा खडखडाट असतो, बारा-बारा तास. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की माणसाचं आधी वरच्या सुरांचं ऐकू येणं कमी होतं. म्हणजे काय, तर स, श, त, क असली अक्षरं पुसट होतात. ढोलकीची थाप त्याला ऐकू येते, शब्द येत नाहीत. आपले भाऊ असेच आहेत ना सगळे! तू म्युझिक वाढवलंस की त्यांना फक्त अजून एक खातं चालू झाल्यासारखं वाटतं. वाद्यं कमी कर, शब्द पुढे आण, ओळ सावकाश म्हण. शिवाय रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि आपल्या गल्लीत खिडकीला खिडकी लागून. शेजाऱ्यांनी वर येऊन सांगण्याची वेळ येऊ देऊ नकोस. हल्लीच्या दिवसांत तर नकोच.

इंग्लंडात वॉटफर्ड म्हणून गाव आहे. तिथल्या सोल सर्व्हायव्हर या तरुणांच्या मंडळीत नव्वदच्या दशकात सगळं होतं, बँड, साउंड, गर्दी. पाळकाच्या लक्षात आलं की लोक ऐकायला येतात, गात नाहीत. त्यानं काही काळ बँड आणि साउंड सिस्टिम सरळ बंद करून टाकली. सुरुवातीला नुसती अवघड शांतता. मग हळूहळू लोक आपल्या आवाजात गाऊ लागले. त्याच काळातून तिथल्या मॅट रेडमननं 'द हार्ट ऑफ वर्शिप' लिहिलं. गंमत अशी की आता तेच गाणं मोठमोठे बँड धुराच्या मशीनसकट वाजवतात. असो. तू सगळं बंद कर असं म्हणत नाही, मुलं हिरमुसतील. पण शेवटचं कडवं नुसत्या गळ्यावर घेऊन बघ. मुलांना हात वर करून थांबायला सांग आणि तूही माइकपासून बाजूला हो. जे ऐकू येईल ते मंडळीचं खरं गाणं. सुरुवातीला फार बारीक ऐकू येईल.

स्क्रीनचं थोडक्यात. कुणीतरी प्रोजेक्टर दान दिलाय, म्हणून सगळे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकता. पोरांना वाचता येतं, आईबापांना नाही. देवनागरीत टाकलंस तर गुजराती शाळेतली पोरं अडखळतात, पण ती लवकर सरावतात, लिपी काही फार लांबची नाही. देवनागरीच ठेव. आणि ज्यांना कुठलंच वाचता येत नाही त्यांच्यासाठी जुनी रीत आहेच. तू ओळ म्हण, मंडळी मागून म्हणेल. भजनात असंच चालतं, लाज कसली? नवं गाणं तर पहिल्यांदा असंच शिकव. एका रविवारी एकच नवं, आणि तेच पुढचे काही रविवार. तुला कंटाळा येईल तेव्हा कुठे मावशीला ते पाठ होत असतं.

आता खरं मनातलं. तुझ्या यादीत सहाही गाणी विजयाची आहेत. साखळ्या तुटल्या, भिंती पडल्या, मी उडालो. चांगली आहेत. पण ज्या घरात पगार अडकलाय, ज्या बाईचा नवरा मशीनमध्ये बोटं गमावून बसलाय, तिनं काय म्हणायचं? 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरानं सुरतेचा मोठा भाग बुडाला. पाऊस जोराचा झाला की अजूनही मिठी खाडी भरते, लिंबायत-पर्वत पाटियाकडे पाणी घरात येतं. तशा आठवड्यानंतरच्या रविवारी ऑक्टोपॅडवर जल्लोष कसा वाजवणार? बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. ते कुणी काढून टाकलं नाही. सियालकोटच्या इमामुद्दीन शाहबाझांनी सगळी स्तोत्रं पंजाबीत आणली, ती देशी चालींवर बसवली गेली, आणि तिकडच्या मंडळ्यांत लोकांना ती तोंडपाठ आहेत, आनंदाची आणि रडण्याचीही. निवडायचा प्रश्नच ठेवला नाही. आपल्याकडे आताची गाणी निवडते कोण? यूट्यूब. आणि तिथे रडणं फारसं वर येत नाही.

म्हणून दर रविवारी एक तरी गाणं संथ असू दे, ज्यात माणूस देवाला 'किती दिवस?' असं विचारू शकेल. मराठीत जुन्या पुस्तकात सापडतील. नव्यात कमी आहेत, पण मग लिहा ना तुम्ही! तुमच्यातला तो बारावीतला मुलगा वहीत काहीबाही लिहितो, मला माहीत आहे. त्याला सांग, अहिराणीत लिही, मावचीत लिही, आजीला वाचून दाखव. तिला नाही कळलं तर खोडून पुन्हा लिही. कुणाच्या इंग्रजी गाण्याचं भाषांतर करून रेकॉर्ड टाकायचं असेल तर मात्र आधी परवानगी काढा. लोक चर्चचं म्हणून सूट घेतात, ते बरोबर नाही.

तुझ्या कपड्यांवरून कुणीतरी बोललं, हेही आईनं सांगितलं. ते सोडून दे. गाणं बसलं की ओढणीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे मधे बराच वेळ मंडळी रांगेत असेल. तिथे नवं गाणं नको, सगळ्यांना पाठ असलेलं हळू चालू ठेव, आणि कीबोर्डवाल्याला सांग, तेव्हा मधे मधे तुकडे वाजवू नकोस. यादी शनिवारी दुपारपर्यंत मला पाठव, पट्टी लिहून.

आणि हो, ढोलकीवाले काका रुसलेत असं ऐकलं. ऑक्टोपॅड आल्यापासून ढोलकी घरीच ठेवून येतात म्हणे. फोन तू कर, मुलांना करायला लावू नकोस. 'काका, टिळकांचं घेतेय, ठेका तुम्हीच धरा' एवढं म्हण. येतील. नाहीच आले तर मला सांग, मी काकूंशी बोलते.