गहू सोडण्याआधी, बॅग भरण्याआधी

खांदेश्वरहून इकडे परदेशात यायला निघालेल्या घरात कुणाला सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) शंका असेल, तर गहू घाईने बंद करू नका. टीटीजी ही रक्ततपासणी आणि लहान आतड्याची बायॉप्सी, दोन्हींचा भरवसा गहू पोटात जात असतानाच. आधीच पथ्य धरलं तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो, आणि मग इकडचे डॉक्टर तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला लावतात. तिथेच तपासून घ्या, कागद हातातल्या बॅगेत ठेवा. आईवडील, सख्खी भावंडं यांचीही तपासणी उरकून घ्या.

सगळ्यांना धास्ती इकडच्या पाव-पास्त्याची. ते तर दिसतं! आम्हा बहुतेकांना फसवलं ते गावाकडून आणलेल्या डब्यांनी. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू. ज्वारी निवडून-पाखडून नेली तरी गिरणीत तिच्याआधी कुणाचा तरी गहू पडलेला असतोच. ‘तांदळावर दळा’ म्हटल्याने भागत नाही; जात्यात राहिलेली कणीक तुमच्या पिठात उतरते. किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन, ही ‘ग्लुटेन-फ्री’ची मर्यादा युरोपात, अमेरिकेत आणि भारतातही, चिमूटभर कणकेने ती ओलांडली जाते. घरघंटी असेल तर तीही गव्हाची नको. नाहीतर इकडे येऊन प्रमाणित पीठ घ्या, महाग पडतं पण घ्या.

पाकिटं वाचायची सवय लागते. ब्रिटनमध्ये गहू, जव, राय उठून दिसतील असे छापावेच लागतात. अमेरिकेत गव्हाची सक्ती आहे, जवाची नाही. म्हणून तिकडे ‘मॉल्ट’ शोधा, साध्या कॉर्नफ्लेक्समध्येही सापडेल. नुसतं ‘व्हीट-फ्री’ लिहिलेलं परत ठेवा.

राहता राहिली आपली माणसं. सत्यनारायणाला रव्याचा शिरा पुढे येतो आणि ‘प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काय होतंय?’ होतं. त्रास जाणवला नाही तरी आतड्याचं अस्तर झिजतं. आजीला अँटिबॉडी समजावत बसू नका. ‘याला गव्हाचा जन्मभराचा उपास’ म्हणा, तिला लगेच पटतं. केळं, पंचामृत घ्या, गणपतीत तांदळाच्या उकडीचे मोदक खुशाल. मंडळाच्या जेवणात मात्र सिलिअ‍ॅक असलेल्याचं ताट सगळ्यांत आधी वाढून घ्या, पुरीचा हात भाजीच्या डावाला लागायच्या आत.