चार भिंतींतला फुटबॉल

होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चपलांचे गोलपोस्ट करून रात्री साडेअकराला आपण जे खेळतो, त्याला काही नाव नाही. पण त्याचा शिकलेला, नियम पाळणारा मोठा भाऊ आहे. त्याचं नाव फुटसल. या खेळातली महिलांची पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोणी जिंकली, माहीत आहे? जपानने? चीनने? नाही, इराणने! ज्या देशात बायकांना कित्येक वर्षं स्टेडियममध्ये बसून पुरुषांची मॅच बघायलाही मिळत नव्हती, त्या देशाने. हे घडलं कसं, ते थोडक्यात पाहू या.

आधी खेळ समजून घेऊ

फुटसलचा जन्म १९३० सालचा, उरुग्वेच्या मोन्टेव्हिडिओ शहरातला. तिथल्या वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना हॉलमध्ये फुटबॉल खेळता यावा म्हणून नियम बसवले. एका बाजूला पाच खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. आंतरराष्ट्रीय मॅचसाठी कोर्ट ३८ ते ४२ मीटर लांब आणि २० ते २५ मीटर रुंद लागतं. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात, पण बॉल बाहेर गेला की घड्याळही थांबतं. त्यामुळे वेळ काढण्याची लबाडी इथे चालत नाही.

खरी गंमत बॉलमध्ये आहे. नियम असा, की हा बॉल २ मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटीमीटरच आली पाहिजे. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. उसळीच्या उंचीला पडण्याच्या उंचीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन मिळतो. इथे तो ०.५० ते ०.५७ येतो. म्हणजे बॉल जमिनीवर ज्या वेगाने आपटतो, त्याच्या साधारण निम्म्याच वेगाने वर येतो. असा बॉल उडत नाही, पायाशी राहतो. म्हणून या खेळात ताकदीपेक्षा डोकं आणि पाय जास्त चालतात.

हॉलला दार असतं

इराणमध्ये १९७० च्या दशकात मुली फुटबॉल खेळत होत्या. १९७९ ची क्रांती झाली आणि ते बंद पडलं. नवीन नियमांप्रमाणे बाईने खेळायचं तर अंग झाकून, नाहीतर पुरुषांच्या नजरेआड. उघड्या मैदानाला नजरेआड कसं करणार? पण हॉलला दार असतं, आणि दार लावता येतं!

१९९३ साली तेहरानच्या अल-जहरा या मुलींच्या विद्यापीठात फुटसल सुरू झालं. खेळणाऱ्या मुली आणि बघणाऱ्याही मुलीच. अकरा जणींच्या मैदानी फुटबॉलचा राष्ट्रीय संघ उभा राहायला २००५ साल उजाडलं. मधल्या बारा वर्षांत ज्या मुलींना फुटबॉलचं वेड होतं, त्यांना फुटसलशिवाय दुसरी वाटच नव्हती. त्यांची सगळी हुशारी एकाच खेळात उतरली.

मग बंदीमुळे त्यांचं भलंच झालं, असं म्हणायचं का? मुळीच नाही. पाण्याची वाट अडवली की ते दुसरीकडून वाट काढतं, याचं श्रेय आपण बांध घालणाऱ्याला देत नाही. ते पाण्याचं असतं.

इकडे आड, तिकडे विहीर

घरात एक अडचण, तर बाहेर दुसरी. २००७ मध्ये फिफाने सुरक्षिततेचं कारण देऊन खेळताना हिजाब घालायला मनाई केली. म्हणजे देश सांगतो, डोकं झाकल्याशिवाय खेळायचं नाही आणि फिफा सांगते, डोकं झाकून खेळायचं नाही. मुलींनी करायचं काय? जून २०११ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात ऑलिंपिक पात्रता फेरीची फुटबॉल मॅच होती. इराणच्या मुली मैदानात उतरल्या, पण स्कार्फमुळे मॅच होऊच दिली नाही. २०१२ मध्ये हिजाबला प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये ती कायम झाली.

कप आला, पण कॅप्टन घरीच!

सप्टेंबर २०१५ मध्ये मलेशियात महिलांची पहिली आशियाई फुटसल अजिंक्यपद स्पर्धा भरली. इराणची कॅप्टन होती नीलोफर अर्दलान. तिच्या गोल मारण्यामुळे लोक तिला ‘लेडी गोल’ म्हणायचे. वय ३०, फॉर्म उत्तम, पण ती विमानात चढली नाही. दुखापत नव्हती. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं होतं, आणि त्यासाठी नवऱ्याची संमती लागत होती. नवरा स्वतः क्रीडा पत्रकार! मुलाचा शाळेचा पहिला दिवस आहे, आईने इथे असलं पाहिजे, म्हणून त्याने नकार दिला.

ज्या कायद्याने ही संमती सक्तीची केली, तो क्रांतीनंतरचा नाही. तो १९७३ चा पासपोर्ट कायदा, म्हणजे शहाच्या ‘आधुनिक’ राजवटीतला. सरकारं बदलली, झेंडा बदलला, पण सहीचा रकाना तसाच राहिला.

नीलोफर गप्प बसली नाही. तिने हे जाहीरपणे सांगितलं आणि जगभर बातमी झाली. तिकडे टीमने फायनलमध्ये जपानला १–० ने हरवलं. तो एकमेव गोल फेरेश्ते करीमीचा. इराण आशियाचा विजेता झाला आणि कॅप्टनने ते दुरून पाहिलं. दोनच महिन्यांनी ग्वाटेमालामध्ये फुटसलची जागतिक स्पर्धा होती. या वेळी तेहरानच्या न्यायव्यवस्थेने नवऱ्याचा नकार बाजूला ठेवून तिला एकदाच जाण्याची परवानगी दिली. ती गेली. पण ‘एकदाच’ हा शब्द लक्षात ठेवा. सवलत तिला मिळाली, कायदा मात्र जागेवरच राहिला.

पुढे काय झालं

मे २०१८ मध्ये बँकॉकला पुन्हा फायनल, समोर पुन्हा जपान. या वेळी ५–२. इराणने सलग दुसऱ्यांदा कप नेला. २०२० ची स्पर्धा कुवेतमध्ये ठरली होती, ती कोविडमुळे रद्द झाली. त्यानंतरची थेट मे २०२५ मध्ये, चीनमधल्या होहोत शहरात. खेळाडूच्या आयुष्यातली सात वर्षं म्हणजे जवळजवळ सगळं करिअर. जपानने ती जिंकली, थायलंड दुसरा आला आणि इराण तिसऱ्या क्रमांकावर राहिला. पण तेवढ्यावर त्यांना वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं.

पुरुषांचा फुटसल वर्ल्ड कप फिफाने १९८९ मध्ये सुरू केला. महिलांचा पहिला झाला २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, फिलिपिन्सला. तब्बल ३६ वर्षांनी! इराणच्या गटात ब्राझील, इटली आणि पनामा होते. इराण बाद फेरीत पोहोचला नाही. ब्राझीलने फायनलमध्ये पोर्तुगालला ३–० ने हरवून कप जिंकला. आपल्या भारताचा महिला फुटसल संघही त्याच वर्षी जानेवारीत, आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा मैदानात उतरला. उशीर झाला, पण सुरुवात झाली.

शेवटी आपल्याबद्दल

इराण फार लांब आहे, असं वाटत असेल तर जरा थांबा. बाहेरगावी टूर्नामेंटला जायचं तर आपल्याकडेही फॉर्म असतो. मुलांचा फॉर्म एका सहीत निघतो. मुलींच्या फॉर्मवर बाबांची, वॉर्डनमॅडमची आणि कधी कधी ‘सोबत कोण आहे’ याची. काळजीपोटी घेतलेली सही आणि अडवण्यासाठी घेतलेली सही कागदावर अगदी सारखीच दिसते. फरक एवढाच, की पहिली मिळते, दुसरीसाठी वाट बघावी लागते. सही घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी, दोघांनीही आपली कोणती ते एकदा तपासून पाहावं.

आणि हो, फुटसलच्या साध्या मॅचला २५ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा पुरते. बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ चं असतं. फक्त एक मीटर कमी. तेवढं आपण ॲडजस्ट करू. उद्या संध्याकाळी पाच जणी येता का?