काचेवरचा आकडा

आमच्या घरात हेड-अप डिस्प्लेवाली गाडी जरा लवकर आली. त्यामुळे नात्यात कुणी गाडी घ्यायला निघालं की फोन मला येतो. "मामा, टॉप व्हेरियंटला समोर काचेवर स्पीड दिसतो म्हणे. वरचे पैसे मोजू का?" शोरूममधल्या मुलाने तोवर "फायटर जेटसारखं आहे, सर" हे ऐकवलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. ही युक्ती लढाऊ विमानांतूनच आली आणि १९८८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलमध्ये बसवली. आपल्याकडे मात्र ती बरीच वर्षं महागड्या परदेशी गाड्यांपुरतीच राहिली. २०१९ मध्ये किया सेल्टॉस आली, २०२२ मध्ये बलेनो आणि ब्रेझा, पुढच्या वर्षी फ्रॉन्क्स, आणि हां हां म्हणता हा आकडा मध्यमवर्गीय पार्किंगमध्ये येऊन बसला.

मी सगळ्यांना एकच सांगतो. घ्या, पण तो आकडा नेमका कशावर उमटतो ते आधी नीट बघा. पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

यात दोन जाती आहेत. बलेनोसारख्या गाड्यांत स्टिअरिंगच्या पलीकडून तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी वर येते आणि आकडा तिच्यावर दिसतो. तिला कॉम्बायनर म्हणतात. गाडीची पुढची काच साधीच राहते, म्हणून हा प्रकार स्वस्तात बसतो. दुसऱ्या जातीत आकडा थेट पुढच्या काचेवर येतो. पूर्वी हे बीएमडब्ल्यू-मर्सिडीजमध्येच दिसायचं, आता महिंद्राच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांतही आहे. इथे काच साधी चालत नाही. काचेला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्हींवरून प्रतिबिंब येतं, म्हणजे एकाच्या जागी दोन आकडे, एकमेकांवर किंचित सरकलेले. ते टाळायला काचेच्या दोन थरांमधली प्लॅस्टिकची फिल्म वर जाड आणि खाली पातळ ठेवतात. फरक इतका बारीक, की हात फिरवून काही कळायचं नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या मेहुण्याच्या गाडीवर डंपरच्या चाकातून खडी उडाली आणि काच आडवी तडकली. काच वर्कशॉपने एका दिवसात बदलून दिली, क्लेमही मंजूर झाला, सगळे खूश. संध्याकाळी मेहुणा म्हणाला, "भावोजी, माझा नंबर वाढला वाटतं. सगळं डबल दिसतंय." तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला निघाला होता! मी गाडीत बसून पाहिलं तर मलाही साठचे दोन साठ. वर्कशॉपने त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटची काच बसवली होती. माप तेच, भोकं त्याच जागी, फिल्म मात्र साधी. काच पुन्हा बदलून घेण्यात दोन्ही बाजूंनी भरपूर फोनाफोनी झाली.

म्हणून काच फुटली तर गाडी आत सोडण्याआधी जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या छापाचा मोबाइलवर फोटो काढा. जॉबकार्डवर 'हेड-अप डिस्प्लेची काच' असं लिहून घ्या आणि पार्ट नंबर इंजिन नंबरइतक्याच गांभीर्याने जुळवा. आरशामागे कॅमेरा असलेली, स्वतः ब्रेक लावणारी गाडी असेल तर काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागतं. ते झालं का, हे तोंडी न विचारता बिलात बघा. ताबा घ्यायला शक्यतो अंधार पडल्यावर जा, दोन आकडे रात्री लगेच पकडता येतात.

विम्याचीही एक गंमत आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र निम्मा कापतात. म्हणजे काचेवरच्या डिस्प्लेवाल्याला काचेपुरती चिंता कमी, आणि ज्याची ती प्लॅस्टिकची पट्टी तुटली त्याच्या खिशाला चाट, झिरो-डेप घेतलेलं नसेल तर.

आता ही वस्तू उपयोगाची आहे का? माझ्या वयाच्या माणसाला तर नक्कीच. चाळिशीचा चष्मा लागला की लांबचा रस्ता आणि जवळचं मीटर यांत डोळ्यांची ओढाताण होते. हेड-अप डिस्प्लेचा आकडा काचेला चिकटल्यासारखा वाटत नाही, तो काचेपलीकडे पुढे कुठेतरी तरंगतो, त्यामुळे नजरेला पुन्हा जवळ यावं लागत नाही. शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, समृद्धी महामार्गावरच्या एकशेवीसला ३३. मीटरकडे मान वाकवण्यात जाणारा तो सेकंद वाचतो. समृद्धीवर तर पाय कधी जड होतो कळत नाही. २०१९ पासून सक्तीचा झालेला ऐंशीच्या वरचा बीप लोकांनी कानाआड केलाय. समोर तरंगणारा आकडा तसा कानाआड होत नाही.

पण नजर रस्त्याच्या दिशेने आहे म्हणजे लक्ष रस्त्यावर आहे, असं मुळीच नाही. १९८० च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रात अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरवर विमान उतरवायला दिलं होतं. हेड-अप डिस्प्लेतून बघणाऱ्या काहींना धावपट्टीवर आडवं उभं केलेलं दुसरं विमान दिसलंच नाही. नजर त्याच दिशेला होती, मन आकड्यांत होतं.

मला ते पटलं ते भाचजावयाच्या शेजारी बसून. कडूस पडलेलं, साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता, पुढे उसाची ट्रॉली. तिला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ओरडलो तेव्हा त्याने ब्रेक दाबला आणि वाचलो. तो समोरच बघत होता. नंतर त्याच्या सीटवर बसून पाहिलं तर वेग, आरपीएम, एसीचं तापमान, अॅव्हरेज, घड्याळ, अशी सगळी जत्रा तिथे भरलेली. शेजारच्या सीटवरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून इतकं काही चालू असेल असं मला वाटलंही नव्हतं. त्याच रात्री आम्ही वेग आणि वळणाचा बाण सोडून बाकी सगळं बंद केलं. गाडी घेतल्यावर पहिलं काम हेच करा. दुसरं काम म्हणजे रात्रीची चमक. दिवे नसलेल्या घाटात चमक जास्त राहिली तर आकड्यामागचा अंधार आणखी काळा होतो. ऑटोवर सोडलं असेल तरी एकदा स्वतः कमी करून बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सावलीत नको. भर दुपारी बाहेर काढा, नेहमीचा गॉगल लावा. गॉगल पोलराइज्ड असेल तर आकडा फिका पडेल, कधी पूर्ण गायब होईल. तो दोष गाडीचा नसतो, पण तुम्ही रोज तोच गॉगल लावणार असाल तर पैसे कशाचे मोजताय? घरात गाडी चालवणारे जितके, तितक्यांना सीटवर बसवा. आकडा ठरावीक उंचीवरच्या डोळ्यांनाच पूर्ण दिसतो. उंची खालीवर करायचं बटण असतं, तरीही माझ्या बायकोला आमच्या गाडीत आकड्याचं पोट कापलेलंच दिसायचं. शेवटी ती सीट वर घेऊन चालवायला लागली, आणि म्हणते बॉनेटही आता जास्त दिसतं. आणखी एक: फोनमधला नकाशा त्या डिस्प्लेवर येतो का, हे सेल्समनच्या शब्दावर सोडू नका. स्वतःचा फोन जोडून बघा. बऱ्याच गाड्यांत तो येत नाही.

बाजारात डॅशबोर्डवर चिकटवायचे स्वस्त डबे मिळतात, त्यांच्यापासून मी तरी लांब आहे. जीपीएसवर चालणारा डबा भातणच्या बोगद्यात शिरला की आंधळा होतो. गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये खुपसायचा असेल तर उभ्या गाडीत बॅटरी पीत बसतो. आणि त्यासोबत काचेवर चिकटवायला देतात ती फिल्म उन्हात फुगते. शिवाय अपघातात तो डबा कुठल्या दिशेने उडेल, याची हमी कोण देणार?

देखभालीचं म्हणाल तर शत्रू घरातलेच. डॅशबोर्डवर मखमली मॅट अंथरला की खालच्या प्रोजेक्टरचं भोक झाकलं जातं. गणपतीबाप्पा नेमके त्याच भोकावर विराजमान झालेली गाडीही मी पाहिली आहे, आणि मालकाची तक्रार होती की डिस्प्ले खराब आहे. बाप्पांना मध्यभागी बसवा. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश नको, त्याची झळाळी काचेत उतरते. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांना त्या छोट्या पट्टीला हात न लावण्याबद्दल प्रेमाने सांगून ठेवा. टायर पुसलेलं फडकं तिच्यावर एकदा फिरलं की चरे कायमचे. चष्म्याचं कापड ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा आणि स्वतः पुसा.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर रात्रीच बघायला जा, मालकाला डिस्प्ले चालू करायला सांगा आणि आकडा एकच दिसतो का ते तपासा. दोन दिसले तर काच बदललेली आहे असं धरून चाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून मूळ काचेची, कॅलिब्रेशनसकट किंमत विचारा आणि ती सौद्यातून वजा करा.