खडकावरचे पट्टे मोजा

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी दूरवर हटते. तेव्हा शिक्षकांसह किनारा गाठा. भरतीच्या खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणा. दर २ मीटरवर ५० सेंटिमीटर बाजूची तारेची चौकट ठेवा. आतील बार्नॅकल, कालवे, शंख मोजा; शैवालाने व्यापलेला भाग शेकडेवारीत लिहा.

वरच्या पट्ट्यात बार्नॅकल का आढळतात? ओहोटीत ते कवचाचे झाकण मिटून आत ओलावा राखतात. नाजूक शैवाल मात्र उन्हात सुकते. म्हणून ते खाली, पाण्याजवळ वाढते.

उचललेला दगड पूर्ववत ठेवा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतील. भरती सुरू होताच परत फिरा. पुढील उधाणात त्याच जागी पुन्हा मोजा. काय बदलले?