मुलगी मैदानावर लवकर दमते?

एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे मुलींची ज्युनिअर विश्वचषक हॉकी स्पर्धा झाली. ब्राँझपदकाच्या लढतीत इंग्लंडशी २-२ अशी बरोबरी झाली, पण शूटआऊटमध्ये हार पत्करावी लागून भारताला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्या संघात सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याची अक्षता ढेकळे होती. आपल्या मुलींनी अकरा दिवसांत सहा सामने खेळले. प्रत्येक सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा आणि मैदान सुमारे ९१ मीटर लांब. एवढे धावायला नुसती जिद्द पुरत नाही, रक्तही चांगले लागते.

धावताना स्नायूंना प्राणवायू पोहोचवण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले की दम लागतो, छाती धडधडते, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. माझ्या दवाखान्यात अशा मुली नेहमी येतात. सोबत आलेले पालक म्हणतात, "डॉक्टर, ही फार आळशी झाली आहे, खेळणे बंदच करतो." पालकहो, खेळ बंद करण्याआधी रक्त तपासा. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजावा. ८ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला मैदानावर न पाठवता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

रक्तक्षय मुलींनाच जास्त का?

वाढीच्या वयात लोहाची गरज वाढते. त्यातच पाळी सुरू होऊन दरमहा रक्त जाते. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा दर तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. अनवाणी फिरल्याने आकडीकृमी पोटात शिरतात आणि आतड्यातून रक्त शोषतात. आणि अनेक घरांत अजूनही मुलगी सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते, हेही एक कारण आहेच.

काय खावे?

"गूळ-शेंगदाणे दिले की रक्त वाढते," असा समज आहे. ते जरूर द्यावेत, पण तेवढ्याने रक्तक्षय बरा होत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, हरभरा, मोड आलेली मटकी, अळीव, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. मात्र धान्य-भाजीतले लोह शरीरात कमीच शोषले जाते. त्यासाठी जेवणात लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी उत्तम. चहा मात्र जेवणासोबत वा जेवल्याबरोबर घेऊ नये. एक तास तरी थांबावे.

गोळ्यांची भीती नको

शाळांतून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी, तसेच वर्षातून दोनदा जंताची गोळी देण्याची सरकारी योजना आहे. ही गोळी दप्तरात दडवून फेकून देऊ नये. ती रक्तक्षय टाळण्यासाठी असते. रक्तक्षय झाला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. शौचाला काळे होते, क्वचित मळमळते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. महिनाभरात हिमोग्लोबिन वाढू लागते. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. शरीरातला लोहाचा साठा भरून यायला आणखी सुमारे तीन महिने लागतात.

विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्यामुळे गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मनाने डोस न वाढवता सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी.

क्रीडाशिक्षकांनाही विनंती आहे की, संघनिवडीआधी मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जी मुलगी दुसऱ्या सत्रातच मागे पडते, तिला रागावण्याआधी तिच्या पापणीच्या आतली बाजू पाहावी. ती फिकट दिसली तर तिला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज आहे. रक्त भरून आले की हीच मुलगी चारही सत्रे धावू शकेल.